बुकबाइंडरच्या वाटेने

फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तुम्ही कधी गेला असाल, तर खाकी डगला घातलेला एक माणूस पाहिला असेल आणि विसरलाही असाल. टेबलावर वायरी, बॅटरी, लोलक मांडून ठेवणारा, काही फुटलं तर नाव लिहून घेणारा, तास संपला की सगळं मोजून कपाटात ठेवणारा. त्याला लॅब असिस्टंट म्हणतात. मुलं त्याला 'काका' म्हणतात आणि प्रोफेसर 'अहो जरा'. वसईच्या एका कॉलेजात मी हे काम जन्मभर केलं. संपादकांनी कळवलं आहे की नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत मोठी गंमत माझीच झाली, तेव्हा तीच सांगतो. लपवून आता काय करायचंय?

आधी कामाबद्दल. या कामाला पदवी लागत नाही. मी अकरावी मॅट्रिक, तीही दुसऱ्या झटक्यात. पण हात लागतो. जमिनीवर सांडलेला पारा कागदाच्या घडीत कसा गोळा करायचा, गॅल्व्हानोमीटरचा काटा अडकला तर टिचकी कुठे मारायची, कुठला स्क्रू किती आवळला म्हणजे पोरं तो तोडणार नाहीत, हे पुस्तकात नसतं. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक टेबलावरचा प्रयोग मी स्वतः करून बघायचो आणि येणारं उत्तर चिठोऱ्यावर लिहून वरच्या खिशात ठेवायचो. बाहेरून आलेले परीक्षकसुद्धा चहा पिताना हळूच विचारायचे, "काय येतंय हो तीन नंबरवर?"

मुलांची खोटी रीडिंग मला लांबून कळायची. खोटं रीडिंग फार नीटनेटकं असतं. खऱ्याला थोडी घाण असते, ते जरा वेडंवाकडं येतं. एका वर्षी गास गावची एक मुलगी परीक्षेला होती, शेतकऱ्याची. लोलकावरून गुरुत्वाकर्षण काढायचं होतं. तिचं उत्तर भलतंच आलं. मला दया आली. टेबलाशेजारून जाता जाता पुटपुटलो, "नऊशे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास लिही." तिने मान वर न करता उत्तर दिलं, "काका, मला नाय आलं तसं. आलं तेच लिवते." मार्क कमी पडले तिला. तेव्हा वाटलं, काय हट्टी पोर आहे. पुढे माझ्यावर वेळ आली तेव्हा तिची आठवण झाली, पण ती कुठे गेली, काय झाली, मला माहीत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, कॉलेजच्या लायब्ररीत शास्त्रज्ञांच्या चरित्रांची पातळ पातळ मराठी पुस्तकं हाती लागली. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मी ती वाचून काढली. मग पुन्हा वाचली. मग ती माणसं माझी झाली.

माझी झाली म्हणजे कशी, ते सांगतो. माझं गाव आचोळे. आज तिथे सगळ्या इमारती आहेत, पण तेव्हा भातशेती आणि मिठागरं होती. गावात माणसाला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. एका वेळी पाच दामू होते आमच्यात. एक बांधाचा दामू, एक तोतरा दामू, आणि मी पोथीदामू, कारण पुडीचा कागद दिसला तरी वाचत बसायचो. तेव्हा या शास्त्रज्ञांनाही मी आमच्या रीतीने नावं ठेवली. त्यांची खरी नावं मला येत नव्हती असं नाही. पण घरातल्या माणसाला कोणी आडनावाने हाक मारतं का?

पहिला बुकबाइंडर. लोहाराचा मुलगा. पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करायचा आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढायचा. एका मोठ्या प्रोफेसरांची व्याख्यानं त्याने ऐकली, उतरवून काढली, स्वतः बांधली आणि त्यांनाच पाठवली, की मला तुमच्याकडे ठेवून घ्या. त्यांनी ठेवला. कशाला? तर प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला. म्हणजे अगदी माझ्या जागेवर! प्रोफेसरांची बायको त्याला प्रवासात गड्यासारखी राबवायची. त्याच गड्याने पुढे तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवून वीज काढली. हे पान मी किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही.

दुसरा मुका शेठ. गडगंज श्रीमंत, पण माणसांची धास्ती. जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा, मोलकरणीच्या समोर येत नसे. याने एका शेडमध्ये शिशाचे गोळे टांगून पृथ्वीचं वजन काढलं. आपल्या अंगाच्या उबेनेही हवा हलेल म्हणून हा त्या खोलीत पाय ठेवत नसे, बाहेरून दुर्बिणीतून बघायचा. तिसऱ्या म्हणजे शेडवाल्या बाई, गळक्या छपराखाली कढईत खनिज ढवळून ढवळून बोटं चिरून घेतलेल्या. माझी आई मिठागरावर मीठ ओढायची, तिची बोटं तशीच होती. आणि चौथे आपले पगडीवाले, बोटीच्या कठड्याशी उभे राहून समुद्र निळा का, असा विचार करणारे. वसईचा समुद्र गढूळ. आमच्या बाजूला शास्त्रज्ञ का निपजले नाहीत, त्याचं एक कारण हेही असेल.

या चौघांची चित्रं मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. सकाळी कपाट उघडलं की आधी त्यांची भेट व्हायची. हसायला येईल तुम्हाला, पण माझं बोलणं त्यांच्याशीच व्हायचं. प्रोफेसर मंडळी सिलॅबस संपवण्याच्या घाईत असायची. गावात या गोष्टी बोलायची सोय नव्हती. बाबांना एकदा सांगायला गेलो तर त्यांनी बिडी विझवून विचारलं, "ही गोरी लोकं तुजी कोन लागतान रं?"  थोरल्या भावाचा संसार झाला, पोरं झाली. मला दोन-तीन स्थळं सांगून आली, मी आज नको उद्या बघू करत राहिलो, मग कोणी सांगून येईनासं झालं. एकटा होतो आणि एकटेपणालाच अभ्यास म्हणत होतो.

प्रयोगशाळेत माझ्या वर एक सीनियर असिस्टंट होते, इनासकाका. नंदाखालचे ख्रिस्ती. नारळ-केळीची वाडी, बायको वारलेली, एकुलता मुलगा आखातात. ठेंगणे, चकचकीत टकलाचे, हाताला सदा बॅटरीच्या ॲसिडचा वास. घरी ते त्यांची बोली बोलत आणि मी माझी. एकमेकांशी बोलायला आम्ही दोघांची मिळून तिसरीच भाषा केली होती. हातातलं सगळं कसब मला त्यांनी शिकवलं. शास्त्रज्ञांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. माझं कपाट बघून म्हणायचे, "आमच्या देवळात पण एवढ्या सेंतांच्या तसबिरी नाय लावल्या!"

त्यांचा एक दंडक होता. प्रयोगशाळेच्या चाव्यांचा जुडगा कमरेच्या करदोट्याला बांधलेला, सदऱ्याच्या आत. फार पूर्वी एकदा त्यांनी चाव्या खिळ्याला टांगल्या आणि पाऱ्याची बाटली चोरीला गेली. महिनाभर चौकशी चालली होती. तेव्हापासून चाव्या अंगाला. "खिळ्यावर नाय, खिशात नाय, अंगाला," ते म्हणायचे. "आंघोळीला उतरलास तरच सोडायच्या."

आता माझा प्रयोग. बुकबाइंडर बाटल्या धुता धुता काही शोधू शकतो, तर मी का नाही? पण माझ्याजवळ होतं काय? कॉलेजचं सामान आणि रविवार. मुका शेठ डोक्यात होता, म्हणून मी पृथ्वीच धरली. पृथ्वी स्वतः एक मोठं चुंबक आहे, आणि तिची ओढ सगळीकडे, सदासर्वकाळ सारखी नसते. वर्षावर्षाने ती हळूहळू बदलते. वसईत ती कशी बदलते ते आपण मोजायचं असं मी ठरवलं. त्याची रीत सोपी आहे. काचेच्या खिडक्या असलेल्या लाकडी पेटीत रेशमाच्या दोऱ्याने एक पट्टीचुंबक आडवं टांगायचं. जरासं हलवलं की ते झोके घेतं. पृथ्वीची ओढ जास्त तर झोके जलद, कमी तर संथ. पन्नास झोक्यांना किती वेळ लागतो तो घड्याळाने मोजायचा. चुंबक स्वतःही म्हातारं होतं, त्याची वजावट निराळ्या प्रयोगाने करावी लागते, ती मी करायचो. इथे त्याने तुमचं डोकं उठवत नाही.

या कामात एकच वैरी, लोखंड. जवळपास लोखंड आलं की चुंबक पृथ्वीला सोडून त्याचं ऐकतं. म्हणून मी प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली निवडली. सुताराकडून एकही खिळा न मारलेलं, लाकडी खुंट्यांचं टेबल करून घेतलं. पंखा उतरवला. सायकल फाटकाबाहेर लावायचो. स्टॉपवॉच हातभर लांब, दर वेळी त्याच खुणेवर. उभं राहायची जागाही खडूने आखलेली. रविवारी सकाळी साडेदहाला रीडिंग. सहा वर्षं एक रविवार चुकवला नाही, भावाच्या मुलीच्या बारशालासुद्धा उशिरा गेलो.

रविवारी कॉलेज बंद, मग दार उघडायचं कोणी? इनासकाका. चर्चमधली मिस्सा झाली की ते नंदाखालहून एसटीने यायचे, कारण बॅटऱ्या चार्जिंगला लावायचं काम ते रविवारीच उरकत. ते प्रयोगशाळा उघडत आणि पलीकडच्या टोकाला बॅटरीच्या खोलीत जाऊन बसत. माझं झालं की दारातून ओरडत, "आज किती?" मी आकडा सांगायचो. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. "बरं हाय," म्हणून कुलूप लावत. ही माणसाची सोबत आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं, मी एकटा काम करतोय. बुकबाइंडरसारखा.

मग इनासकाका रिटायर झाले. निरोपसमारंभात श्रीफळ घेतलं, खाली उतरले, मला बाजूला नेऊन सदरा वर केला आणि करदोट्याची गाठ सोडून चाव्या माझ्या हातात दिल्या. आणि म्हणाले, "रविवारी येत जा कधी वाडीत. केळी खायला." मी म्हणालो, येईन. रविवार सोडून कधीही बोलावलं असतं तर गेलो असतो, असं मनात म्हणालो.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी झोके जलद आले. मला वाटलं, माझीच चूक. पुन्हा घेतलं. तेच. पुढच्या रविवारी तेच. सहा वर्षं मुंगीच्या पावलांनी सरकणारा आकडा एकदम टुणकन उडी मारून नव्या जागी बसला होता आणि तिथून हलत नव्हता. टेबल तपासलं. छपरावर चढून पाहिलं. शेजारच्या बागेत कोणी बोअरिंगचा पाइप घातलाय का विचारून आलो. कुठे काही नाही. मग हळूहळू, भीत भीत, मला वाटायला लागलं की हे खरं आहे. वसईच्या जमिनीखाली काहीतरी बदललं आहे, आणि ते फक्त मला कळलं आहे.

ती तीन वर्षं मी हवेत होतो. कपाट उघडलं की बुकबाइंडरकडे बघायचो आणि तोही माझ्याकडे बघतोय असं वाटायचं. एक रविवार चुकवणं म्हणजे पाप. नंदाखालहून दोनदा निरोप आला, एकदा कोणाबरोबर केळ्यांचा फणाही आला. मी फणा खाल्ला, गेलो नाही. तिसऱ्या वर्षी धीर करून आमच्या विभागप्रमुखांना वही दाखवली. ते आधी हसले, मग पानं उलटता उलटता गंभीर झाले. गोष्ट प्राचार्यांकडे गेली. नोटीस बोर्डावर कागद लागला, 'आमच्या महाविद्यालयातील संशोधन'. ज्या मुलांनी मला कधी नमस्कार केला नव्हता ती वाकून नमस्कार करायला लागली. विभागप्रमुखांनी समुद्रकाठच्या एका चुंबकीय वेधशाळेला पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं, वह्या घेऊन या.

मी नवा सदरा शिवला. नऊ वर्षांच्या वह्या कापडी पिशवीत घातल्या आणि गेलो. वेधशाळा म्हणजे झाडांमध्ये पांढरी बैठी घरं. आत पितळ, तांबं, लाकूड, लोखंडाला मज्जाव. तिथल्या सरांनी माझं पत्र वाचलेलं होतं. साधा माणूस, पायात रबरी चपला. म्हणाले, "या, आधी आमची उपकरणं बघा, मग वह्या बघू." मापनाच्या घराच्या दाराशी एक शिपाई लाकडी परडी घेऊन उभा होता. तो सगळ्यांना सांगतो तसंच मलाही म्हणाला, "लोखंड काढून ठेवा."

मी घड्याळ काढलं. पेन काढलं, त्याला स्टीलची क्लिप होती. छत्री तर बाहेरच ठेवली होती. तो म्हणाला, "अजून?"

मी सदरा वर केला आणि करदोट्याची गाठ सोडायला लागलो.

गाठ सुटेपर्यंत मला सगळं कळलं होतं. सात लोखंडी चाव्या. टेबल बरोबर माझ्या कमरेच्या उंचीचं. दिवसभर चुंबकांच्या कपाटाला कंबर टेकून उभा असायचो, त्यामुळे त्या चाव्याही चुंबक झालेल्या. त्यांना टाचण्या चिकटतात हे तर मीच मुलांना करून दाखवायचो आणि टाळ्या घ्यायचो! सायकल फाटकाबाहेर ठेवणाऱ्या माणसाने पृथ्वीचं माप घेताना कमरेला सात चाव्या बांधल्या होत्या, आणि खडूच्या खुणेवर उभं राहून, दर रविवारी, न चुकता, तीच चूक अगदी शिस्तीने केली होती. मुका शेठ स्वतःच्या अंगाच्या उबेला घाबरून खोलीबाहेर उभा राहिला, हे मला तोंडपाठ होतं. पण ते मी गोष्ट म्हणून वाचलं होतं.

परडीत चाव्या टाकल्या त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. सर आत वाट बघत होते. मी म्हणालो, "सर, वह्या बघू नका. चाव्या होत्या." त्यांना लगेच उमगलं. ते हसले नाहीत. त्यांनी तरीही वह्या घेतल्या, आपली रजिस्टरं काढली आणि तासभर दोन्ही समोरासमोर ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "पहिली सहा वर्षं चांगली आहेत. आमच्या आकड्यांबरोबर चालतात. खिळ्यांशिवायच्या टेबलावर इतकं येतं म्हणजे हात चांगला आहे तुमचा. पुढची तीन वर्षं फाडू मात्र नका. बाजूला कारण लिहा."

म्हणजे जे बरोबर होतं ते आधीच सगळ्यांना माहीत होतं, आणि जे नवीन होतं ते चुकीचं होतं. नऊ वर्षांचं एवढंच निष्पन्न. परतताना मी रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. थाप मारता आली असती, की वेधशाळेत अजून विचार चालू आहे. आठ दिवसांत सगळे विसरलेही असते. पण आलं तेच लिहिणारी ती पोर डोळ्यांसमोर आली. सांगून झाल्यावर असा हशा उठला की चहावाला डोकावून गेला. प्राचार्यांनी बोर्डावरचा कागद स्वतः काढला. त्या दिवसापासून मी 'चावीवाले काका' झालो ते रिटायर होईपर्यंत. आमच्या रीतीप्रमाणे नाव मिळालं, एवढंच. वहीत तीन वर्षांच्या प्रत्येक रीडिंगपुढे लाल शाईने लिहिलं, 'निरीक्षकाच्या कमरेला चाव्या'. दीडशेच्या वर वेळा. लिहिता लिहिता हात दुखला.

बुकबाइंडरचं पुस्तक पुन्हा काढलं ते त्या आठवड्यात. या वेळी मला त्यात चार ओळी दिसल्या, ज्या इतक्या वाचनांत मी ओलांडून गेलो होतो. त्याच्या हाताखाली एक म्हातारा माजी सैनिक मदतीला होता. भट्टी चालू ठेव असं त्याला सांगितलं आणि घरी जा सांगायला बुकबाइंडर विसरला, तर दुसऱ्या दिवशी तो आपला कोळसे घालत तिथेच. बस, एवढंच होतं त्याच्याबद्दल. मी पुस्तक मिटलं. पहिली सहा वर्षं बरोबर का आली होती? कारण चाव्या पलीकडच्या खोलीत एका माणसाच्या कमरेला होत्या, आणि तो माणूस माझं होईपर्यंत तिथे बसून राहत होता.

रविवारी मी रीडिंगला गेलो नाही. सायकल काढली आणि सोपाऱ्यावरून, निर्मळवरून नंदाखाल गाठलं. इनासकाका केळीला आधाराचे बांबू लावत होते. तीन वर्षांत अर्धे झाले होते. मला बघून म्हणाले, "आज सूर्य कुठून उगवला?" पायरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हंजे माझ्या चाव्यांनी घात केला तुझा."

"चाव्यांनी नाही काका, मी केला."

"मग आता बंद?"

"नाही. पुन्हा सुरू करायचंय, नीट. पण रीडिंगच्या वेळी चाव्या कोणाजवळ तरी द्यायला हव्यात." मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "तुम्ही याल का?"

त्यांनी हातातला बांबू भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "लॅबच्या मागे ते मोठं भेंडीचं झाड हाय ना? त्याच्या फांदीला टांग की. रविवारी कोन येतो चोरायला?"

"टांगता येतील."

"मग?"

 खरं उत्तर तोंडातून निघणं कठीण होतं. त्यांनी हातातला सुंभ गुंडाळला, धोतराला हात पुसले.

"मिस्सा नवाला सुटते," ते म्हणाले. "साडेदहाला येतो."

आणि ते आले. चार वर्षं आले. भेंडीखाली दगडावर बसायचे, मांडीवर चाव्या, त्यावर दोन्ही हात, जसं काय आत मूल झोपलंय. आकडा जुन्या जागी परत गेला होता, पुन्हा मुंगीच्या पावलांनी चालत होता. मी बाहेर आलो की विचारायचे, "आज किती?" आणि सांगितलं की, "बरं हाय." मग आम्ही त्यांनी आणलेली केळी खायचो. मुलाचं पत्र आलं असेल तर ते मी वाचून दाखवायचो. मी बुकबाइंडरबद्दल सांगायचो, मुक्या शेठबद्दल सांगायचो. एकदा त्यांनी विचारलं, "तो शेठ चिठ्ठ्या लिहायचा, त्या मोलकरणीने एकदा पण त्याला उलट चिठ्ठी लिवली नाय?" पुस्तकात तसं काही नव्हतं. पण त्या प्रश्नानंतर मुका शेठ मला पूर्वीइतका थोर वाटेना. आवडायचा, पण त्याची कीव यायची. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला काळ कुठला असं विचाराल तर तो हा. शोधबीध काही लागला नाही.

पाचव्या वर्षी पावसाळा सरता सरता एका गुरुवारी कॉलेजात निरोप आला. वाडीतच बसल्या जागी गेले होते. मुलगा आखातातून यायचा होता म्हणून शनिवारी दफन केलं. देवळाच्या आवारात मी मागे उभा राहिलो. मुलाला मी कोण ते ठाऊक नव्हतं, आणि कसं सांगावं ते मलाही कळेना. मूठभर माती टाकली आणि आलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साडेदहाला मी प्रयोगशाळा उघडली. करदोट्याची गाठ सोडली, मागे गेलो आणि चाव्या भेंडीच्या फांदीला टांगल्या. कोणी चोरलं नाही काही. खोलीत येऊन खडूच्या खुणेवर उभा राहिलो. पन्नास झोके मोजले. पुन्हा मोजले. आकडा अगदी बरोबर आला, माणूस बसलेला असताना यायचा तेवढाच बरोबर. मी तो वहीत लिहिला. बाहेर आलो, आणि दगडाकडे बघून तो मोठ्याने सांगितला.